छत्रीचा नंबर

रविवारी दुपारचं जेवण उरकून डॉक्टर सुश्रुत काशीबाईंच्या घरी जायला निघाला. काम म्हटलं तर साधं होतं. सरकारी आरोग्य केंद्रात तो वर्षभर कंत्राटावर डॉक्टर होता. आता कायमची नेमणूक व्हायची होती आणि त्याआधी पोलिसांची चारित्र्य पडताळणी. त्यात जुनी केस वर आली. चौकशीला आलेला हवालदार माणूस भला. म्हणाला, "साहेब, कोर्टानं सोडलंय तुम्हाला, पण मला लिहावं तर लागणारच. मयताची बायको दोन शब्द बरं बोलली, तर वरती कुणी हरकत घेणार नाही. वाकडं बोलली, तर नेमणुकीचं काही खरं नाही."

वडिलांनी, शरच्चंद्रांनी, दिवेआगरच्या वाडीतले थोडे नारळ पिशवीत घालून दिले. वादळात निम्मी वाडी आडवी झाली, तेव्हापासून सगळं घर या एका मुलाच्या तोंडाकडे बघत होतं. "नीट बोल," एवढंच ते म्हणाले.

ती जुनी केस काय, ते आधी सांगायला हवं. सुश्रुत एकोणीस वर्षांचा, डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला. भर पावसात, संध्याकाळच्या वेळी, वडिलांची गाडी दामटत दिघीच्या बाजूने घरी येत होता. वळणावर एक काळी छत्री काचेवर आदळली आणि तिच्या मागून माणूस. धर्माजी त्याचं नाव, काशीबाईंचा नवरा. भाताची लावणी आटपून घराकडे चालला होता. सुश्रुतने पोलिसांना, कोर्टाला आणि बापालाही एकच सांगितलं. मी थांबलो, उतरलो, नाडी पाहिली. नाडी नव्हती, म्हणून दवाखान्यात नेलं नाही. उद्याच्या डॉक्टरचा शब्द तो, सगळ्यांनी मानला.

खरी गोष्ट अशी की तो गाडीतून उतरलाच नव्हता. आरशात रस्त्याच्या कडेला काहीतरी काळं पडलेलं दिसलं आणि त्याचा पाय आपोआप गाडीला वेग देत गेला. वडिलांना घेऊन तो चौकीवर गेला, तोवर अंधार पडला होता. हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, निदान जिवंत माणसांत तरी.

काशीबाईंचं घर गावाच्या टोकाला, कापणी झालेल्या शेतांना लागून. माघ संपत आलेला, जमीन तापून भेगाळलेली. बाईंनी ओट्यावर चटई टाकली, कोरा चहा केला आणि त्याला काही विचारायची वेळच येऊ दिली नाही.

"हवालदार येऊन सांगून गेलाय मला. तुमी नका काळजी करू. मी चांगलंच सांगनार."

"काकी, तुमचे उपकार..."

"उपकार कसले? तुमी हात धरलात त्यांचा शेवटाला. रस्त्यावर एकटं न्हाय गेलं मानूस. मी त्यावर दिवस काढले." त्यांनी पदराने कपबशी पुसली. "पन एक गोष्ट मनात हाय, डॉक्टर. दहाव्याला कावळा शिवला न्हाय त्यांच्या पिंडाला. बसले व्हते कावळे झाडावर, पन खाली येईनात. मी सगळं बोलून बगितलं. शेत विकनार न्हाय, पोरीला शिकवीन, तुमच्या आयेला सांभाळीन... कशालाच न्हाय. उन्हं तापली तवा भटांनी दर्भाचा कावळा करून लावला आनि उरकलं. कसली इच्छा राह्यली असंल त्यांची?"

सुश्रुतने कप खाली ठेवला. त्याला वाटलं, आत्ता सांगून टाकावं. बाई रडेल, शिव्या देईल, पण एकदाचं मोकळं होऊ. मग त्याला वडिलांचा चेहरा आठवला.

"तुमी नाडी बगितली व्हती ना नीट?" काशीबाईंनी हळूच विचारलं.

"हो काकी. नीट पाहिली होती."

तेवढ्यात घराच्या मागच्या अंगाला पाणी ठिबकायला लागलं. सावकाश, एकेक थेंब, जमिनीवर पडावा तसं. काशीबाई उठून आत गेल्या. परत आल्या त्या कपाळाला आठ्या घालून. "मागच्या दाराशी ओल झालीय. हंडा तर रिकामाच हाय..." बोलता बोलता त्या खांबाला धरून मटकन खाली बसल्या. आठ दिवस चक्कर येत होती म्हणे.

"केंद्रात या, मी तपासतो," सुश्रुत म्हणाला आणि घाईघाईने निघाला. नारळांची पिशवी द्यायचीही राहून गेली.

आता केंद्राची एक रीत सांगतो. दार उघडायच्या कितीतरी आधी माणसं येतात, व्हरांड्यात आपली एखादी वस्तू ओळीत ठेवतात आणि चहाला जातात. चप्पल, पिशवी, टोपी, काही नसेल तर दगड. तो त्यांचा नंबर. आदल्या दिवशी कुणाचा नंबर राहिला, तर दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या पुढे. बांधावरून डोकी फुटतील, पण नंबर कुणी कुणाचा मोडणार नाही.

सोमवारी ओळीच्या शेवटी एक छत्री होती. काळी, जुनी, लाकडी मुठीची, मिटून भिंतीला टेकवलेली. दुपारपर्यंत सगळे पेशंट संपले, छत्रीचा माणूस काही आला नाही.

"सर, ही कुणाची हो?" प्रणाली सिस्टरने विचारलं. "आणि ओली कशी?"

छत्रीच्या टोकाखाली पाण्याचं थारोळं साचलं होतं. व्हरांड्यात ऊन नुसतं रणरणत होतं. सुश्रुतने थारोळ्यावरची नजर काढून घेतली आणि म्हणाला, "कुणीतरी नळाखाली धरली असेल. ठेवा आत."

सिस्टरने छत्री औषधांच्या खोलीत टाकली आणि कुलूप लावलं.

मंगळवारी सकाळी तो आला, तेव्हा छत्री ओळीत पहिली होती. तिच्या मागे काशीबाईंची कापडी पिशवी, मग बाकीच्यांच्या वस्तू. "छत्री कुणी काढली?" सिस्टर सगळ्यांना विचारत होती. कुणी काढली नव्हती. एक म्हातारा एवढंच म्हणाला, "कालचा नंबर राह्यला व्हता ना त्यांचा. मग पयला त्यांचाच."

खुर्चीत बसतो न बसतो तोच हवालदाराचा फोन आला. "साहेब, बाई फार चांगलं बोलल्या हो. रिपोर्ट गेला. आता पेढे तयार ठेवा." सुश्रुतने फोन खाली ठेवला. मनातून त्याला आनंदच झाला होता, खोटं का बोला?

बाहेर सिस्टरने सवयीने हाक दिली, "पहिला नंबर!"

कुणी उठलं नाही. पण बाकावरच्या लोकांनी गुडघे आत घेतले, पाय ओढून घेतले, अरुंद जागेतून कुणी जाताना घेतात तसे. दाराचा पडदा हलला आणि पुन्हा स्थिर झाला. खोलीत वास आला. ओल्या चिखलाचा, लावणीच्या दिवसांत शेतातून येतो तो. समोरच्या लोखंडी स्टुलाने कुरकुर केली. त्याच्या पायांशी पाणी जमायला लागलं.

सुश्रुतला ओरडायचं होतं, पण पडद्यापलीकडे माणसं बसली होती. टेबलाच्या काचेवर त्याच्या समोर वाफ धरली. मनगट टेकावं तेवढीच लांबट वाफ.

"बगा..." आवाज एवढा बारीक की तो कानांनी ऐकला की आणखी कशाने, ते त्याला कळलं नाही. "आता तरी बगा..."

शिकलेली बोटं ती. आपोआप पुढे गेली. तर्जनी, मधलं, अनामिका. काचेच्या वर, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे त्यांना गार कातडी लागली. चिखलाने निसरडी झालेली. सुश्रुतने डोळे मिटून घेतले.

नाडी होती. मंद, अडखळत चाललेली, पण होती. कुणी उचलून गाडीत घातलं असतं आणि वेळेत दवाखान्यात नेलं असतं, तर वाचला असता असं जी पाहून कुणीही शिकाऊ डॉक्टर सांगेल, तशी नाडी. त्या संध्याकाळची.

"हाय का...?"

पडद्यापलीकडे काशीबाई बसल्या होत्या. दुसरा नंबर त्यांचाच. त्यांचा श्वास ऐकू येत होता, इतक्या जवळ. आहे म्हटलं तर ते त्या ऐकणार. मग त्यांचा शब्द फिरणार, रिपोर्ट परत येणार आणि कोर्टात सांगितलेलं सगळं पुन्हा उकरून निघणार. एका शब्दाचं काम होतं.

"नाही," सुश्रुत कुजबुजला. "नाडी नाही."

बोटांखालचा ठोका आणखी थोडा वेळ चालू राहिला, वाट बघितल्यासारखा. मग थांबला. स्टूल कुरकुरलं. चिखलाचा वास हळूहळू विरत गेला. बाहेर सिस्टर कुणाला तरी विचारत होती, "अगं बाई, छत्री घेऊन गेले का? आले कधी आणि गेले कधी?"

सुश्रुतने रुमालाने टेबल पुसलं, स्टूल पुसलं, तोंडावरून हात फिरवला. संपलं, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि ते त्याला पटलंही.

"दुसरा नंबर!"

काशीबाई आत आल्या, स्टुलावर बसल्या आणि काही न विचारता त्यांनी हात पुढे केला. त्याने मनगटावर बोटं ठेवली. हात उबदार होता. सुश्रुतने बोटं जरा वर सरकवली, मग खाली. दाबून पाहिलं. दुसरा हात घेतला. शेवटी बोटाला लावायचं यंत्र लावलं, तर त्यावर ठोक्यांचा आकडा व्यवस्थित आला. त्याने पुन्हा बोटं टेकवली. बोटांना काहीच लागलं नाही. चटकन त्याने सिस्टरला बोलावून तिचंही मनगट धरलं. ती हसली, "काय झालं सर?" तिथेही काही नव्हतं.

"कशी हाय ओ, डॉक्टर?" काशीबाईंनी विचारलं. त्यांनी हात तसाच पुढे ठेवला होता. "तुमच्या बोटांवर इस्वास हाय माजा. नीट बगून सांगा."

सुश्रुतने ते मनगट हातात घेतलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. बाहेर ओळ फाटकापर्यंत गेली होती.

"चांगली आहे, काकी," तो म्हणाला.