पट्ट्यांची गाडी

ज्याला खोटं वाटतं त्यानं गेवराईच्या पुढं, हायवेवरच्या ढाब्यावर जाऊन विचारावं. गेल्या मे महिन्यातली भर दुपार होती. बघणारे पुष्कळ होते. त्यातले निम्मे आजही त्या रस्त्यानं जायचं टाळतात.

सुरैयाचा धाकटा भाऊ मतीन. वडील जलालुद्दीन यांचं हायवेला लागूनच गॅरेज. मतीन गाड्यांतच वाढला. नांदूरघाटचा शहादेव एका मोटार कंपनीत इंजिनिअर होता, त्यानंच मतीनला ड्रायव्हर म्हणून कामावर घेतलं.

कंपनीची एक स्पोर्टी गाडी बाजारात जोरात खपत होती. तिच्यातच कितीतरी जास्त ताकदीचं इंजिन बसवून प्रयोगाच्या काही गाड्या बनवल्या होत्या. विकायला नाही, फक्त तपासायला. आकार कुणाला कळू नये म्हणून अंगभर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे स्टिकर. उन्हात इंजिन किती तापतं ते बघायला त्या इकडं आणायचे.

त्या मे महिन्याच्या आदल्या उन्हाळ्यात मतीननं शहादेवला सांगितलं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी गाडी पळायची थांबत नाही. शहादेव म्हणाला, अजून एक फेरी मार, मग बघू.

त्या फेरीत गाडी ढाब्याजवळच्या पुलाच्या कठड्यावर आदळली, मतीन जागीच गेला.

पोलीस यायच्या आत कंपनीनं गाडी ताडपत्रीत गुंडाळून नेली. वर तक्रार दिली, की मतीननं ती न विचारता पळवली होती.

मेलेल्या पोरावर चोरीचा गुन्हा!

सुरैयाचं रडणं त्या दिवशी थांबलं. उरला नुसता राग. भाकरी थापताना राग, नमाजला बसली तरी राग. दुपारी ती एकटीच पुलावर जायची. तुटक्या कठड्याला हात लावून भावाला सुनावायची, गप काय पडलास, ऊठ, ये.

वर्षभरानं तशीच पट्ट्यांची दुसरी गाडी ढाब्यासमोर येऊन उभी राहिली.

सुरैयाला कळलं. ती तशीच उन्हात चालत गेली. शहादेव सोबतच्या लोकांबरोबर जेवत होता. ती त्याच्या ताटासमोर उभी राहिली.

"माझा भाऊ चोर न्हवता. एवढंच बोला. समद्यांसमोर बोला."

शहादेवनं मान वर केली नाही.

"ताई, ती फेरी कागदावर कुठंच न्हाई. म्या काय बोलू? सोडून द्या आता."

सुरैयानं त्याचं ताट बाजूला सारलं. ती काही बोलणार...

तेवढ्यात आवाज आला.

लांबून. पुलाच्या बाजूनं. इंजिनचा चिरका आवाज... वाढत वाढत येणारा.

सगळ्यांनी रस्त्याकडं बघितलं.

रस्ता मोकळा होता.

आवाज ढाब्यासमोरून गेला. टेबलावरचे पेले थरथरले. धुळीचा लोट उठला... पण गाडी नव्हती. आवाज पुढं जाऊन वळला. परत आला. ढाब्यासमोर थांबला.

मग काहीच नाही. ढाब्यावरचा पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज येईना.

अन् बाहेर उभी असलेली पट्ट्यांची गाडी... आपोआप सुरू झाली.

चावी शहादेवच्या खिशात होती. त्यानं ती काढून बघितली. इंजिन नुसतं बोंबलत होतं, कुणीतरी पाय दाबून धरल्यासारखं. आता जळेल म्हणून शहादेव धावला. स्टेअरिंगच्या बाजूचं दार उघडून आत बसला, बंद करायला. हे सगळ्यांनी बघितलं.

दार लागलं.

गाडी सुटली.

लोक मागं पळाले. सुरैयाही पळाली. चप्पल कुठं गेली तिला कळलं नाही.

गाडी पुलावर उभी होती, तुटक्या कठड्याला अगदी टेकून. इंजिन बंद.

शहादेव जिवंत होता. पण तो डाव्या सीटवर बसला होता. पट्टा लावून, हात मांडीवर ठेवून.

स्टेअरिंगपुढची सीट रिकामी. पार मागं सरकवलेली, लांब पायाच्या माणसाला लागते तशी.

सुरैयानं ती सीट बघितली. मतीन सीट अशीच मागं सरकवून बसायचा.

शहादेव समोर बघत एकच वाक्य बोलत होता. "त्यो सारखा सांगत होता... साहेब, पाय काढलाय, तरी थांबंना."

चार दिवसांनी शहादेवनं पोलिसांत जबाब दिला, की गाडी आपणच दिली होती आणि बिघाड आपल्याला माहीत होता. मतीनवरचा गुन्हा रद्द झाला. शहादेव नोकरी सोडून नांदूरघाटला बसला. तो आता कुठल्याच गाडीत बसत नाही, लग्नालाही चालत जातो म्हणतात.

सुरैयाला वाटलं, झालं. पोराचं नाव साफ झालं, आता तो निवांत पडेल.

तसं झालं नाही.

आवाज अजून येतो. भर दुपारी, रस्ता मोकळा असला की. आधी पुलावरच घुमायचा. मग ढाब्यापर्यंत. आता गॅरेजपर्यंत येतो... आणि दारात इंजिन चालू ठेवून थांबतो.

आवाजातला राग कमी झालेला नाही. तो राग सुरैया ओळखते. वर्षभर तिनंच तो पुलावर जाऊन ओतला होता.

परवा ती बाहेर आली आणि हात जोडून म्हणाली, "मतीन, बास झालं रे. जा आता."

इंजिन आणखी मोठ्यानं बोंबललं.

तिनं घाईनं शटर ओढलं. पोरगं गेल्यापासून आत खाटेवर पडून असलेले जलालुद्दीन उठून बसले होते. लई दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू होतं.

"पोरगं कवाचं दारात उभं हाय," ते म्हणाले. "त्याला बाहेर कशापायी ठेवलंस?"