ठिपक्यांमधली मोकळी जागा

खोटं वाटलं तर वाटू द्या, पण हे माझ्याच घरात घडलंय. गेल्या भाद्रपदातली संध्याकाळ. पासलीच्या वर डोंगरात आमची धनगरांची वस्ती आहे, तिथं.

त्याच्या वर्षभर आधी माझे वडील, चिमाजी आबा, चुकलेलं मेंढरू शोधायला धुक्यात गेले आणि कड्यावरून पडून वारले. पुढं आईनं सगळी मेंढरं विकली. सांभाळणारं कुणी नव्हतंच. पण तिच्या जिवाला एकच घोर...

आबांना हे ठाऊक नाही. ते अजून मेंढरांमागं फिरत असतील.

मी भोरला कॉम्प्युटर शिकते. आईचं मन रमावं म्हणून त्या दिवशी लॅपटॉपवर मी काढलेलं चित्र दाखवलं. म्हणजे मी नाही, प्रोग्राम काढतो. प्रत्येक ठिपका एक मेंढरू. नियम साधे. शेजाऱ्याला धरून चालायचं, धक्का द्यायचा नाही. बाकी कुठं वळायचं ते फासा पडेल तसं. ठिपके चालतात, मागं रेघा उमटतात. दर वेळी चित्र वेगळं.

पण त्या दिवशी...

ठिपके एका जागेला वळसा घालून जात होते. तिथं रेघच उमटेना.

मी पुन्हा चालवलं. पुन्हा तीच जागा मोकळी. असा नियम मी लिहिलाच नव्हता.

आई बघत राहिली. मग तिनं डोक्यावर पदर घेतला.

"तुजं आबा हुबं हायती तितं," ती म्हणाली.

मला रडूच फुटलं.

आई स्क्रीनजवळ वाकली. "आवं, मेंढरं म्या इकली. आता कुनामागं फिरू नगा. घरी या."

ठिपके थांबले.

मग एकेक करून कडेला गेले... आणि दिसेनासे झाले.

बाहेर रिकाम्या गोठ्यात...

मेंढरं ओरडली. अख्खा कळप. मागोमाग आबांचं खाकरणं.

आम्ही बॅटरी घेऊन धावलो. गोठ्यात कुणी नव्हतं. नुसता ओल्या लोकरीचा वास.

आई तिथंच खाली बसली. "आलं घरी... पर मेंढरं घिऊन आलं. इकल्यालं त्यास्नी आयकूच गेलं न्हाई."

तो प्रोग्राम मी परत उघडला नाही. अजून त्या गोठ्याकडं माझ्यानं बघवत नाही. आई मात्र रोज तो झाडते. त्यांना पुन्हा एकदा सांगून बघ, असं मी म्हटलं, तर तिनं नकारार्थी मान हलवली.

"एवढ्या लांबनं आनलीत त्येनी. न्हाईत म्हनून कसं सांगू?"