मागचा सायकलवाला

नछत्तर सिंगचं आयुष्य लाल चकत्या पारखण्यात गेलं होतं. लुधियान्यातल्या एका कारखान्यात सायकलींना लावायचे रिफ्लेक्टर बनत, आणि तिथल्या एका काळोख्या खोलीत बसून तो बावीस वर्षं एकेक चकती दिव्यासमोर धरत आला होता. उजेड नीट परत आला की चकती पास. आत बुडबुडा असला, कड धुरकट असली, की ती उजवीकडच्या टोपलीत. आपल्या हातून वाईट चकती कधी सुटली नाही, हे तो स्वतःच सांगायचा, कारण दुसरं कुणी सांगत नसे.

त्याची सायकल हा त्याच्या गावात, कोट मनसात, थट्टेचा विषय होता. मागच्या मडगार्डवर दोन लाल चकत्या, पायडलांना पिवळ्या, चाकाच्या तारांत पांढऱ्या, सीटखाली लुकलुकणारा दिवा आणि अंगात चमकत्या पट्ट्यांचं पिवळंजर्द जाकीट.

"ताया, कामाला निघालास की वरातीला?" त्याला ताया, म्हणजे काका, म्हणणारी पारावरची मंडळी विचारत.

"ट्रकवाल्याला दिसलो म्हणजे झालं," तो म्हणे. "तुम्हाला नाही आवडलो तरी चालेल."

गावापासून कारखाना नऊ किलोमीटर. त्यातले पहिले पाच कालव्याच्या काठानं. एका बाजूला निलगिरीची रांग, दुसऱ्या बाजूला पाणी, मधे दोन गाड्या कशाबशा जातील एवढा रस्ता. पौषात तिथे असं धुकं उतरे की पुढच्या चाकाच्या पलीकडे जग संपलंय असं वाटावं. पावणेसातला तो निघे, तेव्हा पहाटेच्या पाठाचा आवाज गुरुद्वाऱ्याकडून यायचा, पण गुरुद्वारा दिसायचा नाही.

त्या वर्षी पौषाच्या दुसऱ्या आठवड्यात पुलापाशी चहाच्या टपरीवर कश्मीरा सिंगनं त्याला हाक मारली. कश्मीरा त्याच रस्त्यानं दुधाचा टेम्पो शहरात नेई. मोठ्या आवाजाचा, भल्या मनाचा माणूस, सगळ्यांना वीरा, म्हणजे भाऊ, म्हणणारा.

"वीरा, घरी चकत्यांचं दुकान मांडून बसलायस. मग जोडीदाराला एखादी देशील की नाही?"

"कसला जोडीदार?"

"तुझ्या मागून येतो तो. तू कोसभरावरून दिसतोस. तो बोनेटला टेकेपर्यंत दिसत नाही. कालपण काळजात धस्स झालं माझ्या."

नछत्तर हसला. असेल कुणीतरी गिरणीकामगार, आपल्या दिव्याच्या आधारानं येत असेल, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं चार वेळा मागं वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता. म्हणजे जेवढा दिसत होता तेवढा रिकामा होता.

शुक्रवारी एक बस त्याला ओलांडून गेली, आणि कंडक्टर दारातून वाकून ओरडला, "ओ सरदारजी, मागच्याला सांभाळा! मरेल तो एक दिवस!"

नछत्तरनं सायकल थांबवली. पाय टेकला. त्याच्या मागच्या चाकाची टिकटिक थांबली. आणि धुक्यात, दहाएक हातांवर, आणखी एका चाकाची टिकटिक ऐकू आली. ती हळूहळू मंदावत गेली आणि थांबली, जसं कुणी ब्रेक न दाबता सायकल थांबू द्यावी.

"कोण आहे?" त्यानं विचारलं.

कालव्याचं पाणी तेवढं वाहत होतं. तो बॅटरी घेऊन मागं चालत गेला. पन्नास पावलं, शंभर पावलं. कुणी नव्हतं. परत येऊन त्यानं शांतपणे विचार केला. धुक्यात आवाज फिरून येतो. गाडीच्या दिव्यानं सावली पडते. पण गाडी मागून येत असेल तर सावली पुढे पडायला हवी, मागे नाही. इथे येऊन त्याचा हिशोब अडला, आणि पुढचे चार किलोमीटर तो अडकूनच राहिला.

त्या संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा बायको गुरमेल कौर चुलीवर मोहरीच्या पाल्याचा साग घोटत होती. तिनं दाराकडे पाहिलं आणि ओढणी सावरली.

"सरदारजी, पाहुण्याला बाहेरच उभं करायची पद्धत कधीपासून?"

"कोण पाहुणा?"

"कोपऱ्यावर सायकल धरून उभा आहे तो." ती उठून दारात आली. कोपरा रिकामा होता. "गेला वाटतं. तुम्हीच काहीतरी बोलला असाल."

"कसा होता दिसायला?"

"धुक्यात काय दिसणार? तुमच्याहून उंच होता. पगडी मात्र थेट तुमच्यासारखी बांधलेली." मग तिनं नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्या रात्री तिनं मक्याची भाकरी वाढताना एकदाही थट्टा केली नाही.

सोमवारी अपघात झाला.

मागून टेम्पोचा हॉर्न आला, मग ब्रेकची किंकाळी, मग लाकूड मोडल्यासारखा आवाज. नछत्तरनं सायकल स्टँडवर लावली आणि उलट धावला. कश्मीराचा टेम्पो निलगिरीच्या बुंध्यात घुसला होता. कॅन लवंडले होते. दूध रस्ताभर पसरलं होतं, आणि पांढऱ्या धुक्यात रस्ता कुठे संपतो ते कळेनासं झालं होतं.

कश्मीराचा पाय दबला होता. त्याचे ओठ काळेनिळे पडले होते.

"तो वाचला का?" त्यानं पहिलं हेच विचारलं.

"कोण?"

"तुझा जोडीदार, आणखी कोण! एकदम पुढ्यात आला. मी वळवली... वाचला ना रे?"

लोक जमले, कश्मीराला काढून नेलं. नछत्तर सायकल घ्यायला परतला तेव्हा त्याला रस्त्यावर एक पांढरी रेघ दिसली. दुधाच्या थारोळ्यातून निघालेली, सायकलच्या टायरची. ती सरळ त्याच्या सायकलच्या दिशेनं गेली होती. त्यानं ती पावलापावलानं तपासली, चकती तपासावी तशी. त्याच्या मागच्या चाकापासून तीन हात अलीकडे ती संपत होती. तिथे दुधाचा एक ठिपका होता, पाय टेकल्यासारखा.

त्याच्या स्वतःच्या टायरना दुधाचा थेंबही नव्हता.

इस्पितळात कश्मीराचा पाय प्लास्टरमध्ये टांगला होता. त्याच्या दोन मुली कोपऱ्यात संत्री सोलत बसल्या होत्या.

"खरं सांग, कोण आहे तो?" कश्मीरा म्हणाला. "भेटायला आला नाही. तोंड तरी दाखवायचं."

"कश्मीरा, माझ्यामागे कुणीच नसतं."

कश्मीरानं मुलींकडे नजर टाकली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी या दोघींचा बाप आहे. तरी गाडी झाडावर घातली. आणि तू सांगतोस तिथे कुणी नव्हतंच? मग मी कुणासाठी मोडून घेतला हा पाय?"

बावीस वर्षांत नछत्तर पहिल्यांदा न तपासलेली गोष्ट बोलला. "वाचला तो. ठीक आहे. काही लागलं नाही त्याला."

कश्मीरानं डोळे मिटले. "वाहेगुरूची कृपा. आता त्याला दिवा दे, वीरा. शब्द दे मला."

नछत्तरनं शब्द दिला.

त्यानं कारखान्यातून दोन चांगल्या चकत्या मागून आणल्या, बाजारातून तसंच पिवळं जाकीट आणि सीटखाली लावायचा दिवा. घरी तो हे सगळं बांधत असताना गुरमेल बघत होती.

"हे कुणाला?"

"मागच्याला."

ती हसली नाही. तिनं जाकीट हातात घेतलं, बाह्यांची शिवण उसवली आणि दोन बोटं लांब करून दिल्या. "उंच आहे ना तो," ती म्हणाली.

सकाळी त्यानं ते जाकीट पुलाच्या कठड्यावर टाकलं, चकत्या जाकिटाच्या खिशात ठेवल्या, शेजारी नवा दिवा लावून ठेवला आणि मागं न बघता पुढे निघाला. संध्याकाळी कठडा मोकळा होता.

"उचललं असेल कुणीतरी," गुरमेल म्हणाली.

"कुणीतरी," तो म्हणाला.

त्यानंतर तक्रारी बंद झाल्या. कंडक्टर ओरडेनासा झाला. नछत्तरला आठ दिवस बरं वाटलं, आपण शब्द पाळला याचं.

मग एका सकाळी बस त्याच्या कोपराला घासून गेली. हॉर्न नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी उसाचा ट्रॅक्टर सरळ अंगावर आला. नछत्तर सायकलसकट शेतात पडला, आणि ट्रॅक्टरवाला गाणं गुणगुणत पुढे गेला. नछत्तरनं आपला दिवा पाहिला. चालू होता. कारखान्यात नेऊन त्यानं आपल्या चकत्या काळोख्या खोलीत दिव्यासमोर धरल्या. उजेड नीट परत येत होता. दोन्ही पास होत्या. त्यानं तीन वेळा पाहिलं आणि त्याला काहीच कळेना. खोट कुठेच नव्हती.

पारावरच्या मंडळींनीही थट्टा सोडली होती. तो जवळून गेला तरी त्यांच्या गप्पा चालूच असत.

माघाच्या शेवटी, हिवाळ्यातलं शेवटचं दाट धुकं पडलं त्या सकाळी, टपरीच्या बाकावर कश्मीरा बसलेला दिसला. कुबडी शेजारी टेकलेली. नछत्तरला इतका आनंद झाला की तो सायकलवरून जवळजवळ उडी मारून उतरला आणि त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"कश्मीरा! कधी सोडलं तुला?"

कश्मीराची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली. चेहरा उजळला.

"ये ये, नछत्तर वीरा! वा, काय चमकतोयस! पार वळणावरून दिसलास मला."

नछत्तर एक पाऊल पुढे सरकला.

"मी इथे आहे," तो म्हणाला. मग मोठ्यानं, "कश्मीरा, इकडे बघ."

कश्मीरानं टपरीवाल्याकडून चहाचा ग्लास घेतला.

"आज एकटाच? तो पुढचा कुठे गेला, बिनदिव्याचा?"

मागून उत्तर आलं असावं. कश्मीरा मान हलवत हसला.

त्यानं ग्लास पुढे केला. नछत्तरच्या कोपराजवळून, त्याच्या मागे, थोडा उंच.

"घे. गरम आहे, जपून."

नछत्तरनं वळून पाहिलं नाही. त्याला फक्त कश्मीराची बोटं दिसत होती. ती उघडली.

तो काच फुटण्याचा आवाज यायची वाट बघत उभा राहिला.

आवाज आला नाही.