न उतरता उघडणारं फाटक

"फाटक उघडं! गाई कोबीत शिरल्या!"

इंजिन ओरडत अंगणात आला आणि कोणी काही विचारायच्या आत परत पळत सुटला. तो चालत कधी कुठे जातच नसे, म्हणून सगळे त्याला इंजिन म्हणायचे. त्याच्यामागे त्याची मावसबहीण वकीलबाई धावली, आणि तिच्यामागे तिचा धाकटा भाऊ भुंगा, नेहमीसारखा गुणगुणत.

भावंडं सुट्टीला मामाकडे येऊन आठ दिवस झाले होते आणि गाई कोबीत शिरायची ही तिसरी वेळ होती. कोबी शेजारच्या काकूंचा. काकू आता भांडतही नव्हत्या. बांधावर बसून नुसत्या बघत होत्या. त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

गाई हाकून आणेपर्यंत मुलांचे घसे कोरडे पडले. अंगणात मामा उभा होता. पहाटेपासून ट्रॅक्टरवर बसून त्याचे डोळे लाल झाले होते.

"बाबा, पुन्हा?" तो आजोबांना म्हणाला.

"मी लावलं होतं रे." आजोबा जरा थांबले. "लावलं असणार."

"असणार म्हणजे? आता एकदाच सांगतो. पुन्हा फाटक उघडं सापडलं, तर घोडी देऊन टाकणार. तुम्ही घरी बसा."

आजोबा शेजारी बांधलेल्या घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिले.

गेल्या वर्षी, देवाघरी जाण्याआधी दोन महिने, आजीने ओढ्यापलीकडे लिंबाची बारा रोपं लावली होती. आजोबा रोज घोडीवरून, त्याच फाटकातून जाऊन त्यांना पाणी घालत. गुडघ्यामुळे तेवढं चालणं त्यांना जमणार नव्हतं. घोडी गेली की रोपं जळून जाणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मामालाही.

"हा अन्याय आहे!" गोठ्यामागे येताच वकीलबाई भडकली. "साक्ष नाही, पुरावा नाही, थेट शिक्षा!"

"मग पुरावा शोधू," इंजिन म्हणाला.

"आणि आजोबाच विसरत असतील तर?" भुंग्याने विचारलं.

वकीलबाईकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. यावर ती एवढंच म्हणाली, "उद्या लपून बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं फाटकाजवळच्या कडब्याच्या गंजीवर चढून लपले. ऊन तापत होतं. कडबा टोचत होता.

आधी आजोबा आले. घोडीवरून उतरले. कडी काढली, घोडी बाहेर नेली, फाटक ओढून लावलं. मग दगडावर पाय ठेवून, "आई गं" म्हणत पुन्हा वर चढले. दहा पावलं गेले आणि थांबले. परत आले, पुन्हा उतरले, कडी हलवून बघितली.

आजोबांचा स्वतःवरच विश्वास राहिला नव्हता.

अर्ध्या तासाने दूधवाल्याची गाडी आली. त्याने फाटक उघडलं आणि तसंच टाकून गाडी आत नेली. "पाच मिनिटांत परत यायचंय, कोण लावत बसतं!" तो पुटपुटला.

तेवढ्यात आतून मामाचा ट्रॅक्टर आला. मामाने उघड्या फाटकाकडे पाहिलं, जांभई दिली. "दूधवाला आत आहे. जाताना लावेल तो." आणि ट्रॅक्टर निघून गेला.

मग दूधवाला बाहेर आला. "मालक परत येणार असतील, म्हणूनच उघडं ठेवलंय." आणि तोही गेला!

"अरे बाप रे!" इंजिन म्हणाला. "दोघंही लावत नाहीत!"

"आणि दोघांनाही वाटतं, दुसरा लावतो!" वकीलबाई म्हणाली. "गाय बघ, गाय!"

पहिली गाय फाटकाशी पोचली होती. इंजिनाने गंजीवरून उडीच मारली आणि फाटक लावलं.

तिघं धापा टाकत ओढ्यापलीकडे गेले आणि सगळं आजोबांना सांगितलं. हातातली बादली खाली ठेवून आजोबा बांधावर बसले.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो," ते म्हणाले.

"नाही, आजोबा! एकदाही नाही! आता मामाला चांगलं सुनावते!" वकीलबाई उसळली.

"नको, बाई. आज सुनावलंस तर चार दिवस लावतील. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. वाईट नाहीत गं ते. दमलेत. दमलेल्या माणसाला खाली उतरणं नको होतं. मला विचार ना."

घरी येताच वकीलबाई पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरली आणि मागे दार धाडकन लागलं. ते नेहमीच तसं लागायचं. गावातल्या सुतारकाकांनी ते वाकडं बसवलं होतं आणि उघडं ठेवायचं असलं की मामी त्याला वीट लावायची.

"इंजिन!" ती ओरडली. "आपण फाटक वाकडं बसवायचं!"

सुतारकाकांना बोलावलं, तर ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "माझ्या चुकीची नक्कल करायची? अरे, लाकूड फुगलंय म्हणून ते दार लागतं, असं मी वीस वर्षं सांगत आलोय!"

"आम्ही कोणाला सांगणार नाही," भुंगा गंभीरपणे म्हणाला.

"फाटक दुरुस्त करू का?" असं मामाला विचारलं, तेव्हा तो जेवता जेवता पेंगत होता. "करा, काय करायचं ते करा," म्हणाला.

सुतारकाकांनी वरची बिजागरी चार बोटं सरकवली. आता फाटक उघडून सोडलं की आपल्याच वजनाने परत येऊन कडीत बसायचं. मग एक लांब दोर कडीला आणि फाटकाला जोडून, कप्पीवरून रस्त्यावर लोंबता सोडला. घोडीवर बसल्या बसल्या ओढला की कडी निघायची आणि फाटक उघडायचं. अलीकडून एक दोर, पलीकडून एक.

"चला, आजोबा!"

आजोबांनी दोर ओढला. फाटक उघडलं. घोडी पुढे झाली, आणि फाटक परत येऊन तिच्या नाकावर आदळलं! घोडी उधळली. आजोबा कसेबसे आयाळ धरून बसून राहिले.

इंजिन रडकुंडीला आला. "संपलं. आता मामा घोडी ठेवणारच नाही."

"पडलो का मी? नाही ना? मग डोळे पूस आणि कामाला लाग," आजोबा म्हणाले.

उघडलेलं फाटक अडवून धरायला सुतारकाकांनी लाकडी खटका केला. पण तो सोडवणार कोण?

"पुन्हा माणसावरच आलं!" वकीलबाई वैतागली. "माणूस म्हणणार, मागचा सोडवेल!"

भुंग्याचं गुणगुणणं थांबलं. "जाणाऱ्यानेच सोडवायचा. पण त्याला कळू न देता."

मग फाटकाच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस पावलांवर रस्त्याच्या मधोमध एकेक बांबू उभा टांगला. जाणाऱ्याचा धक्का लागला की बांबू हलायचा, त्याला बांधलेली दोरी खटका ओढायची, आणि फाटक लागायचं. दोन दिवस तिघं दोऱ्या लांब-आखूड करत होते. हातांना फोड आले. भुंगा तर जेवायला न थांबताच झोपून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आजोबा घोडीवर बसून एका बाजूला थांबले; सुतारकाकाही खटका बघायला आले. दूधवाला आला, भुंग्याने खुणावताच गाडीतूनच हात काढून दोर ओढला, आत गेला. बांबू हलला. खट्! फाटक लागलं. थोड्या वेळाने ट्रॅक्टरवरून मामा आला. त्यानेही दोर ओढला, बाहेर पडला. खट्! मागून दूधवालाही बाहेर आला. खट्!

आवाज ऐकून मामाने मागे पाहिलं आणि ट्रॅक्टर थांबवला. "फाटक कोणी लावलं?"

"तू लावलंस, मामा," वकीलबाई म्हणाली.

"मी? मी तर उतरलोच नाही!"

"मग रोज कसं लावायचास?"

"रोज कशाला लावतोय मी! रोज तर दूधवाला..."

"मी?" दूधवाल्याने गाडीतून डोकं बाहेर काढलं. "मला वाटायचं, मालक लावतात!"

सुतारकाकांना हसू फुटलं. बांधावरच्या काकूही हसल्या. मामाचा चेहरा उतरला. तो सावकाश ट्रॅक्टरवरून खाली उतरला आणि घोडीजवळ जाऊन उभा राहिला.

"बाबा, माझं चुकलं."

आजोबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दमला होतास. पण मला विचारायचं होतंस रे. मी स्वतःलाच खोटं समजायला लागलो होतो."

मग त्यांनी फाटकाकडे नीट पाहिलं. "शाबास रे पोरांनो! मोठ्या माणसांना जे सुचलं नाही ते तुम्ही केलंत. फक्त दोर जरा उंच झालाय. वीतभर खाली घ्या."

"लगेच, आजोबा!" इंजिन धावलाच.

"तू थांब," मामा म्हणाला. "तुझ्या हातांना फोड आलेत. मी घेतो." आणि तो बाही सरकवून खांबावर चढला.