मागे पाहणारी टिटवी

गोदीच्या मागच्या गल्लीत जहाजांवर लावायची चिन्हं घडवणारा एक कारखाना होता, आणि तिथल्या साचेकाराला सगळे उलटेकाका म्हणत. माणूस नाकासमोर चालणारा. उलटं होतं ते त्यांचं काम. साच्यात जे उजवीकडे कोरावं ते चिन्हात डावीकडे उमटतं. त्यामुळे सिंह, मासे, किल्ल्या, अक्षरं, सगळं त्यांनी जन्मभर उलटंच कोरलेलं. "बायकोला माझं सरळ बोलणंही तिरकं वाटायचं, ते काही उगाच नाही," असं ते सांगत आणि स्वतःच हसत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता घरात ते, मुलगा आणि सून.

युद्ध सुरू झालं, पितळ तोफांकडे गेलं, आणि चिन्हं कागदाच्या लगद्याची होऊ लागली. लाकडी साच्यात सरस घातलेला लगदा दाबून भरायचा, वाळला की काढायचा आणि रंगवायचा. रिवाज मात्र पितळेच्या काळातलेच राहिले. चिन्हातल्या प्राण्याचं तोंड नेहमी पाहणाऱ्याच्या डाव्या हाताकडे हवं; ती पुढची दिशा. उलट्या तोंडाचा प्राणी म्हणजे पाठ दाखवणारं जहाज. आणि जहाज बुडाल्याची खबर आली, की त्याचा साचा त्याच दिवशी फोडून शेगडीत घालायचा. का, ते कुणी विचारत नसे. गेलेल्याची वाट अडवू नये, एवढंच जुने कारागीर म्हणत.

मुलाची नेमणूक 'टिटवी'वर झाली. काल-परवापर्यंत मासे धरणारी बोट. आता तिला करडा रंग फासून समुद्रातले सुरुंग वेचायला जुंपलेली. जोडीला 'ढोकरी' नावाची दुसरी बोट. दोघींच्या मध्ये पाण्याखालून पोलादी तार, आणि नांगराच्या बैलांसारखं बरोबरीनं चालायचं. तार सुरुंगाची साखळी कापते, सुरुंग वर येतो, मग त्याला दुरून गोळी घालायची. तारेच्या आधी सुरुंग बोटीलाच भेटला, तर मग बोलायलाच नको.

"टिटवी देखील समुद्र आटवी, बाबा," मुलगा म्हणाला. "काळजी कसली करता?"

"आटवायला कुणी सांगितलंय? वेचा आणि गुपचूप घरी या."

चिन्ह ठरलं ते असं: काटेरी काळ्या गोळ्यावर पाय रोवून उभी राहिलेली टिटवी. निघण्याआधीच्या सुट्टीत मुलगा रोज कारखान्यात येऊन बापासमोर बसे आणि गप्पा मारी. त्याच्या डाव्या भुवईत एक वण होता. लहानपणी इथेच, बापाच्या हातची पटाशी निसटून झालेला. कोरता कोरता उलटेकाकांची नजर पुन्हा पुन्हा त्या वणाकडे जाई, आणि हात आपले चालत राहत. हा चेहरा पुन्हा दिसेल ना, एवढंच डोक्यात असे.

साच्यातून लगदा निघाला तेव्हा त्यांना चूक दिसली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी साच्यात सरळ कोरलं होतं. टिटवी मागे बघत होती.

त्यांनी लाकडी मोगरी उचलली. तेवढ्यात सून डबा घेऊन आली. तिनं चिन्हाकडे बराच वेळ पाहिलं.

"मामंजी, राहू द्या ना. मागे बघतेय म्हणजे घराकडे बघतेय."

"अगं, असं चालत नाही."

"कुणाला कळणार आहे? आणि कळलं तर कळलं."

वेळही उरला नव्हता. बोटीचा कप्तान चिन्ह पाहून हसला आणि म्हणाला, चला, परत यायचा रस्ता तरी ठाऊक आहे हिला. मग ती टिटवी बोटीवर चढली.

पुढच्या महिन्यात 'ढोकरी' एकटीच परतली. दाट धुकं, मोठा धमाका, आणि तुटलेली तार; त्यापलीकडे तिच्या खलाशांना काही सांगता येईना. आरमाराचा कारकून कारखान्यात आला. खाली बघत म्हणाला, "काका... साचा फोडलात ना?"

"फोडला," उलटेकाका म्हणाले. साचा पोत्यात गुंडाळून बाकाखाली ठेवलेला होता. तो फोडणं म्हणजे मुलगा गेला असं आपल्याच हातानं कबूल करणं, आणि ते त्यांच्याच्यानं होईना.

मग एका संध्याकाळी पुन्हा धुकं उतरलं. धक्क्यावर दिवे लागत होते. पाण्यावरून टिटवी ओरडल्याचा आवाज आला. भर समुद्रात टिटवी कुठली, म्हणून माणसं थांबून ऐकू लागली. आवाज जवळ जवळ येत गेला, आणि धुक्यातून करडी बोट अलगद धक्क्याला लागली. सगळेच्या सगळे खलाशी वर उभे होते. कुणी हात हलवत नव्हतं.

धमाका दुसऱ्याच कशाचा असेल, धुक्यात असं होतं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. आनंदाला कोण कुळ विचारतो?

मुलगा घरी आला, जेवायला बसला. डाव्या हातानं जेवला. "तार ओढून उजवा आखडलाय, बाबा." वण उजव्या भुवईत होता. उलटेकाकांनी डोळे चोळले. जन्मभर उलटं बघून आपलीच नजर फिरली असणार, असं त्यांनी मनाला समजावलं. पोरगा समोर बसलाय, याहून आणखी काय हवं? घरातून ओल्या दोरखंडाचा वास मात्र जाईना. आणि जेवणाच्या खोलीतल्या आरशावर सुनेनं एक जाड कापड टाकलं होतं. तडा गेलाय, म्हणाली.

काही दिवसांनी मुलानं बोटीवरचं चिन्ह आणून दिलं. "रंग उडालाय, बाबा. जरा हात फिरवाल?"

उलटेकाका ते घेऊन कारखान्यात गेले. शेगडीवर सरस रटरटत होता. चिन्ह खिडकीशी धरलं. टिटवीचं तोंड डाव्या हाताकडे होतं. अगदी रीतसर, पुढे बघणारी टिटवी. त्यांनी बाकाखालून साचा ओढला, पोतं सोडलं आणि चिन्ह साच्यावर ठेवलं. बसेना. चोच लाकडावर आपटत होती. फिरवून पाहिलं, दाबून पाहिलं. नजर फसेल, लाकूड कसं फसेल? हे चिन्ह या साच्यातून निघालेलंच नव्हतं.

त्यांनी मोगरी उगारली.

"मामंजी, थांबा..."

सून दारात उभी होती. आवाज इतका हळू, की आधी त्यांना भासच वाटला.

"फोडलात तर दोघंही जातील."

"दोघं?"

"घरी चला. दाखवते."

घरात दिवा लागला होता. मुलगा आरशाकडे पाठ करून जेवत होता. त्यानं मान वर केली नाही. सुनेनं कापडाचं एक टोक उचललं.

आरशात तीच खोली होती, तोच दिवा, तेच ताट. पण ताटाशी कुणी नव्हतं. काचेला अगदी चिकटून एक माणूस उभा होता, नखशिखांत भिजलेला. वण डाव्या भुवईत, जिथे पटाशी लागली होती तिथेच. तो दोन्ही मुठींनी काच ठोठावत होता. आवाज येत नव्हता. ओठ तेवढे हलत होते... बाबा... बाबा...

उलटेकाकांनी काचेवर तळवा टेकला. पलीकडूनही एक तळवा आला. मध्ये बर्फासारखं गार काहीतरी.

"माझा पोरगा..." त्यांच्या तोंडून कसंबसं निघालं. "अगं, हा माझा पोरगा..."

"मला माहीत आहे, मामंजी." सुनेचे डोळे कोरडे होते. रडून रडून आटलेले. "पण हाताला लागतो तो हा."

तिनं जेवणाऱ्याकडे बोट दाखवलं.

आपलेच हात दुसऱ्या कुणाचे असावेत तसे उलटेकाका बघत राहिले. त्या हातांनी कापड खाली सोडलं आणि चारही बाजूंनी नीट सारखं केलं.

ते ताटावर येऊन बसले. घास उचलवेना.

"अजून ठोठावतोय का?" मुलानं विचारलं. मागे वळून पाहिलं नाही.

उलटेकाकांची नजर कापडाकडे गेली.

"थकेल हळूहळू," तो समजुतीनं म्हणाला. "मीही तिथून जन्मभर ठोठावत होतो, बाबा. तुम्ही एकदाच सरळ कोरलंत, आणि उघडलं."

सुनेनं त्याच्या ताटात आणखी थोडं वाढलं.