उत्रोलीचं लेथ मशीन

वेल्ह्याहून नसरापूरला निघालेल्या एसटीत शेफाली मोबाईलवर धातू कातायच्या एका लेथ मशीनचा फोटो बघत बसली होती. छोटंसं, निळंशार, नवंकोरं. मागवावं का... तिचं बोट घुटमळलं. तोच शेजारून आवाज आला,

"ते घेऊ नका."

तिनं मान वळवली. नखांत काळं तेल, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि बोलून गेल्याबद्दल ओशाळलेले डोळे.

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणीच न्हाई. पन ते दिसायलाच देखणं हाय. पोलाद लावलं की लटलटा कापंल. मी अमृत. भोरात टर्नर हाय, लेथवरच काम करतो."

शेफाली वेल्ह्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि सुट्टीत पितळेची वाफेवर चालणारी इंजिनं करायची, तळहातावर मावतील एवढी. पण कानशीनं घासलेलं चाक लंगडत फिरायचं. घरामागच्या खोलीत आपलं स्वतःचं लेथ असावं, हाच तिला ध्यास. नसरापूर येईपर्यंत हे सगळं ती त्या अनोळखी माणसाला सांगून बसली, आणि उतरताना तिचं तिलाच हसू आलं.

त्यानंतर दर रविवारी ती भोर गाठायला लागली. अमृत तिला ओळखीच्या वर्कशॉपांतून विकाऊ मशीनं दाखवायचा.

"तुमच्या घरी सिंगल फेज लाईट, म्हंजे मोटर तशीच बघायची. मशीन जुनं असंना, पन वजनदार हवं. आता हे बघा, हत्यार घेऊन सरकतंय ते कॅरेज. गोल फिरून नग धरतंय त्या चकापाशी ते घट्ट आवळायचं, मग पार दुसऱ्या टोकाला न्यायचं. तिकडं अडलं, तर चकाजवळ बेड, म्हंजे खालची सरकायची पट्टी, झिजलाय म्हनून समजायचं."

तिनं करून बघितलं. अडलं.

"आणि माणूस कसा पारखायचा?" तिनं सहज विचारलं.

"त्याला... मापायचं गेज न्हाई मिळत," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

चौथ्या रविवारी ते उत्रोलीला गेले. शिवारात भातकापणी चालली होती, वाऱ्यावर ओल्या पेंढ्याचा गोड वास होता. नजर अधू झाल्यानं म्हातारे रखमाजी आपलं तीन फुटी लेथ विकायला काढणार होते. शेफालीनं मशीनची मूठ फिरवली. कॅरेज लोण्यासारखं सरकलं. तिचा जीव जडला.

अमृतनं मात्र मान हलवली. "न्हाई. हे नको."

"का?"

"नको म्हनलं ना."

आठवडाभर तिच्या मनाला ते टोचत राहिलं. पुढच्या रविवारी ती एकटीच उत्रोलीला गेली. त्यानं शिकवलं होतं तसं चक हलवून बघितलं, कॅरेज आवळून या टोकाचं त्या टोकाला नेलं. कुठंच अडलं नाही.

"तुमचंच हाय की ते," रखमाजी हसले. "अमृत सांगून गेलाय, वेल्ह्याच्या मॅडमबिगर कुणाला देऊ नका."

सौदा पक्का करून शेफाली तडक भोरला आली. तो वर्कशॉपच्या दारातच उभा होता. तिचा चेहरा बघून त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"मशीनमध्ये काय खोट होती?"

"मशीनमध्ये न्हवती... माझ्यात होती. तुमी ते घेतलं, की भोरला कशापायी येणार? ह्याच इचारानं खोटं बोललो. रातभर झोप लागली न्हाई, म्हनून दुसऱ्या दिशी जाऊन रखमाजींना सांगून आलो. तुमच्यापुढं मात्र जीभच रेटंना."

"मी तुमच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता, अमृत."

"व्हय. तेच लागलंय मनाला." त्यानं मान वर केली. "मला तुमी आवडता, मॅडम. हे आधी सांगायला पायजे हुतं. मशीनचं नाव घेऊन न्हाई."

तिला राग आला होता, खूप. पण एवढं सरळ आजवर तिच्याशी कुणी बोललं नव्हतं, आणि आता छातीत जी धडधड चालली होती ती रागाची नव्हती, हेही तिला कळत होतं.

"पुन्हा खोटं बोललात, तर बघा," ती म्हणाली. मग जरा हळू आवाजात, "मशीन गुरुवारी टेम्पोनं वेल्ह्याला येतंय. लेव्हल लावून द्यायला किती वेळ लागतो?"

"दोन तास."

"आणि अगदी मनासारखं लावायचं म्हटलं तर?"

अमृत तिच्याकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याच्या ओठांवर हसू आलं. "मग काय... उभा जन्म जाईल."

"तर मग सकाळी लवकर या," शेफाली म्हणाली.