बसलं म्हणेपर्यंत

मशीन रॅकमध्ये चढवायचं काम दोघांचं असतं, आणि त्यात बोलायचे शब्दही दोनच. खालून उचलून वजन नीट हातात आलं की धरणाऱ्यानं म्हणायचं, "धरलंय." मग दुसऱ्यानं स्क्रू आवळायचे. पक्के आवळून झाले की त्यानं म्हणायचं, "बसलं." ते ऐकल्याशिवाय धरणाऱ्यानं हात काढायचा नाही, मग नाक खाजो, फोन वाजो, नाहीतर साहेब येऊन डोक्यावर उभा राहो. हे मला भाऊजींनी शिकवलं. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. या धंद्यात मला त्यांनीच आणलं, आणि तेव्हापासून आम्ही जोडीनंच कामं करतो. ऑफिसातल्या कोंदट खोल्यांमधून माणसाएवढी लोखंडी कपाटं, म्हणजे हे रॅक, उभी करायची, त्यांत इंटरनेटची जड मशीनं बसवायची, आणि संध्याकाळी मोडलेली कंबर घेऊन घरी जायचं. असं हे काम.

भाऊजींना मध्यंतरी पक्षाघाताचा झटका येऊन गेला. वाचले, पण डावा हात अधू झाला. चहाचा कप धरला की चहा बशीत येतो. डॉक्टर म्हणाले, हलकं काम करा. त्यातला "काम करा" एवढाच भाग भाऊजींनी ऐकला.

ताईनं मला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं. "घरी बसवलं ना, तर हे जातील रे," ती म्हणाली. "तू घे सांभाळून."

घेतलं सांभाळून. सांभाळणं म्हणजे काय, तर दोघांचं वजन एकट्यानं उचलायचं आणि समोरच्याला ते कळू द्यायचं नाही. कंपनीला कळलं असतं तर त्यांना त्याच दिवशी नारळ मिळाला असता. त्यामुळे मी तोंड मिटून उचलत राहिलो. संध्याकाळी शर्ट काढायला हात डोक्यावर जात नसे. कधी कधी रागही यायचा, खोटं कशाला बोलू. भाऊजींचा नाही, ताईचाही नाही. नुसताच यायचा, आणि जेवण झालं की झोपेत विरून जायचा.

त्या दिवशीचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. खोली पूर्वी कागदांचे गठ्ठे ठेवायची असावी. जुन्या पुठ्ठ्याचा वास भिंतीत मुरला होता. खिडकी नाही. छतात गार हवेची एक जाळी, ती सारखी किणकिणायची. आमच्या आधी कुणीतरी रिकामा रॅक पार मागच्या भिंतीला टेकवून ठेवला होता. खरं तर मागे माणूस उभा राहील एवढी जागा लागते. इथे माझा पंजा आडवा जेमतेम आत जात होता.

"खोली आहे एवढीच आहे," आमचा सुपरवायझर म्हणाला. त्याला आम्ही मागून 'झालं-का' म्हणायचो, कारण दिवसभर तो दुसरं काही बोलायचाच नाही. "आणि ड्रिल चालवू नका. शेजारी मीटिंग चालू आहे."

"मग रॅक जमिनीला आवळायचा कधी?" मी विचारलं.

"नंतर. आधी मशीनं चढवून घ्या."

हे सरळ सरळ उलटं होतं. आधी रॅक बोल्टनी जमिनीला जखडायचा, मग सगळ्यात जड माल तळाला, मग वरचा. इथे बोल्ट नाहीत, आणि तळाला जाणारी बॅटरी अजून गाडीतच. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं.

पहिलं मोठं मशीन घेतलं, नेटवर्कचा स्विच. दोन बाजूंना दोघं, डावीकडे भाऊजी. मी मनातल्या मनात नेहमीसारखी तयारी केली, डावीकडचं वजन आपल्याकडे ओढून घ्यायची. पण मशीन अगदी सपाट वर गेलं. इतकं अलगद, की मी जरा गांगरलोच. "धरलंय," डावीकडून आवाज आला. मी निवांत स्क्रू आवळले. "बसलं," म्हटलं. दुसऱ्या मशीनलाही तसंच. तिसऱ्यालाही. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. माणूस बरा होतोय, आता माझी सुटका, असं वाटलं. आधी त्यांचं वाटलं की आधी माझं, ते विचारू नका.

दुपारी जिन्यात बसून डबे उघडले.

"आज हात बरा दिसतोय तुमचा," मी म्हटलं.

भाऊजींचा घास हातातच राहिला. "चेष्टा करतोस का गरिबाची?"

"चेष्टा कसली? निम्मं वजन तुम्हीच तर घेतलंत."

"मी?" ते हळूच म्हणाले. "अरे, मी नुसता हात लावून उभा होतो. मला वाटलं, सगळं तूच घेतोयस. मनात म्हटलं, पोरगा मरतोय माझ्यापायी."

जिन्यात कुठेतरी वरच्या मजल्यावर दार लागलं. मी हसायचा प्रयत्न केला. "म्हणजे मशीनंच हलकी असतील."

ती हलकी नव्हती. आम्हीच गाडीतून ती आणली होती, आणि लिफ्टपर्यंत नेताना माझा जीव मेटाकुटीला आला होता.

"पण 'धरलंय' तुम्ही म्हणालात ना?" मी विचारलं.

"नाही," भाऊजी म्हणाले. "आवाज माझ्यासारखा होता खरा. मला वाटलं, तू नक्कल करतोयस."

पुढे आम्ही त्यावर बोललो नाही. डबे बंद केले, पाणी प्यायलो, कामाला लागलो. दमलेल्या माणसाला घाबरायलाही फुरसत लागते.

बॅटरी आली ती चहाच्या वेळेला. भाऊजी तळाच्या पट्ट्या बसवायला रॅकच्या समोर गुडघ्यांवर बसले, डोकं जवळजवळ आत घालून. वरच्या दोन मशीनांमध्ये वायर अडकली होती म्हणून मी दोन्हींचे स्क्रू काढले आणि वरचं सरकत्या पट्ट्यांवरून पुढे ओढलं. एका वेळी एकच मशीन बाहेर काढायचं, हा नियम मला झोपेतही पाठ आहे. पण दारातून "झालं का?" आलं, आणि ते आत ढकलायच्या आधीच मी खालचंही ओढलं.

रॅक पुढे झुकला.

आवाज झाला नाही. मागचे पाय जमिनीवरून सुटले, आणि सगळं कपाट भाऊजींच्या पाठीवर यायला लागलं. मी कडेला होतो. मी हात घातला, पण त्या वजनापुढे माझे हात म्हणजे काहीच नव्हते. ते माझ्यासकट खाली येत होतं.

मग ते थांबलं.

अर्ध्यातच, तिरकं, पडायच्या बेतात थांबलं. माझ्या हातांवर भार नव्हता. मी हात काढून पाहिले, तरी ते तसंच राहिलं.

मागच्या बाजूनं, रॅक आणि भिंतीच्या मधून, दबलेल्या श्वासातून आवाज आला.

"धरलंय."

भाऊजींचाच आवाज होता तो. आणि भाऊजी माझ्या पायाशी, रॅकखाली, ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत होते.

मी त्यांना कॉलरला धरून बाहेर ओढलं. ते बाहेर आल्यावर रॅक सावकाश मागे गेला. मागचे पाय इतक्या हळू टेकले, की खालची धूळसुद्धा उडाली नाही. मी दोन्ही मशीनं ढकलली, भाऊजींच्या काखेत हात घातला आणि दार गाठलं. झालं-का फोनवर बोलत होता. त्याला सांगितलं, भाऊजींना चक्कर आली, बाकीचं दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. त्यानं संध्याकाळी दुसरी जोडी बोलावली, बोल्ट मारून घेतले, काम संपवलं.

मी मात्र एक गोष्ट विसरलो होतो. ती चूक लक्षात यायला मला फार वेळ लागला.

त्या दिवसापासून भाऊजींचा डावा हात थरथरायचा थांबला. थांबला तो असा: तळवा वर, चारही बोटं अर्धी वळलेली, मनगट ताठ. हात उघडेना, मिटेना. डॉक्टर म्हणाले, झटक्यानंतर स्नायू असे आखडतात, शेक द्या. ताईनं शेक दिला, तेल चोळलं. बोटांच्या पेरांवर एक लाल रेघ उमटली होती, ती काही जाईना. पत्र्याच्या कडेनं उठते तशी. आमच्या सगळ्यांच्या हातांवर ती संध्याकाळी असते, सकाळी जाते. भाऊजींची सकाळी जास्त ठळक असायची.

आणि ते खंगत चालले. बसल्या बसल्या घाम फुटायचा. जेवताना मध्येच थांबून दम घ्यायचे. मी गेलो की म्हणायचे, "काही नाही रे, जरा दमायला होतं." खुर्चीत बसलेला माणूस इतका कशानं दमतो, हे मला कळत नव्हतं. ताईचा चेहरा बघवत नव्हता.

"झोपेत तुझं नाव घेतात," एकदा ती म्हणाली. "म्हणतात, दमलो रे, आता म्हण ना. काय म्हणायचंय तुला? काही राहिलंय का तुमच्यात?"

मी हातातलं पाणी तसंच खाली ठेवलं.

राहिलं होतं. त्यांना ओढून बाहेर काढलं, मशीनं आत ढकलली, दार गाठलं. "बसलं" म्हणालो नव्हतो.

ही गोष्ट कुणाला सांगायची सोय नव्हती. ताईला काय सांगणार? दुसऱ्या दिवशी मी त्या ऑफिसात गेलो. एक वायर तपासायची आहे म्हटलं, त्यांनी खोली उघडून दिली. भर दुपारची वेळ होती. काचेपलीकडे माणसं टाइप करत होती, कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. आत रॅकवरचे हिरवे दिवे लुकलुकत होते आणि जाळी किणकिणत होती.

शब्द म्हणायचा तर खरा म्हणायचा, म्हणून मी आधी पाना काढला. जमिनीतला एकेक बोल्ट तपासला. घट्ट होते. वरचे स्क्रू पाहिले. रॅकला खांदा लावून जोर केला. तसूभर हलला नाही. कसलीच कसर नव्हती.

मग मी त्या फटीजवळ तोंड नेलं. स्वतःचीच लाज वाटत होती.

"बसलं," मी म्हटलं.

काहीच झालं नाही.

"भाऊजी, बसलं. मी पाहिलंय सगळं. सोडा आता."

मागे कुणीतरी श्वास सोडला. लांब, खूप दिवस कोंडून धरलेला. रॅक किंचित कुरकुरला. आणि मग, माझ्या डोळ्यांसमोर, तो पुढे झुकायला लागला.

बोल्ट जागेवर होते. फरशी जागेवर होती. तरी तो झुकत होता, आणि काचेपलीकडे माणसं टाइप करत होती.

मी डावा हात कधी घातला ते मला आठवत नाही.

"धरलंय," मागून आवाज आला.

या वेळचा आवाज भाऊजींचा नव्हता. माझा होता. मी तोंड उघडलं नव्हतं.

रॅक सरळ झाला. दिवे लुकलुकत राहिले. मी हात काढून घेतला आणि मागे सरकलो, पार दारापर्यंत. दार उघडायला हात लावणार, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. उजव्या हातानं काढला. ताई होती. ती रडत होती की हसत होती, पहिल्यांदा कळलंच नाही.

"हात उघडला रे यांचा. आत्ता, बसल्या बसल्या. पाणी प्यायले स्वतःच्या हातानं. थरथर नाही, काही नाही."

"बरं झालं," मी म्हटलं. आणि मला खरंच बरं वाटलं.

"थांब, काहीतरी म्हणतायत." तिकडे कुजबुज झाली. मग ताई परत फोनवर आली, जरा गोंधळलेली. "हे विचारतायत, तुला फार जड होतंय का? काय जड? तू आहेस कुठे?"

मी खाली पाहिलं. डावा तळवा वर झाला होता. बोटं अर्धी वळली होती, आणि पेरांवरून एक लाल रेघ हळूहळू उमटत होती.

"नाही म्हणावं," मी म्हटलं. "त्यांना जरा झोपू दे."